भाकरीखालची फोड

डांग, ता. ६ एप्रिल

तीर्थरूप आईस,
गायत्रीचा शि. सा. नमस्कार.

वर सवयीनं 'सौ.' लिहिलं होतं, मग खोडलं. रागावू नकोस. जंगलात रेंज नाही, म्हणून पत्र गार्डकाकांबरोबर पाठवतेय. शेजारच्या मनीषाताईंनी चिठ्ठीनं कळवलं, अप्पांना जाऊन महिना झाला तरी तू स्वतःचं ताट वाढतेस आणि न जेवता तसंच झाकून ठेवतेस. अगं, असं कसं चालेल? जन्मभर त्यांच्या उष्ट्या ताटात जेवलीस, मी त्यावरून किती भांडले! आता तरी आपलं स्वच्छ ताट घेऊन पोटभर जेव ना.

माझ्या अभ्यासातली वानरं बरी आहेत. कोण कुणाला खाऊ देतं, ते दिवसभर वहीत लिहिते. हातानं सहसा कुणी देत नाही. पण दात पडलेली एक म्हातारी आहे. तिची लेक उंबर अर्धं खाऊन फांदीवर ठेवते आणि तोंड फिरवते. मग म्हातारी ते उचलते.

अप्पांवर तुझी माया आहेच, ती जेवून दाखव.
तुझी गायत्री

डिंडोली, ता. ११ एप्रिल

चि. गायत्रीस,
अनेक आशीर्वाद.

खोडलेलं 'सौ.' दिसलं बाई. त्यावरून बोट फिरवलं नि रडले.

तू भांडायचीस तेव्हा तुझी आजी ऐकत असायची, म्हणून मी गप्प. पुढे सांगायची लाज वाटली. नवी नवरी होते तेव्हा सासूबाई मला शिळी भाकर नि ठेचा द्यायच्या, भाजी फक्त पुरुषांना. आईपुढे बोलायची तुझ्या अप्पांची छाती नव्हती. कापडाच्या कारखान्यातून, लूमवरून यायचे, जेवायचे, पोट भरलं म्हणून उठायचे. ताटात उरलेल्या भाकरीखाली वांग्याची फोड दडवलेली असायची, कधी गुळाचा खडा. सासूबाई गेल्या, तरी यांची सवय गेली नाही.

आता स्वच्छ ताट घेते, भाकर उचलून बघते. खाली काही नसतं. घास उतरत नाही गं.

तुझ्या त्या वानरीला माझा नमस्कार सांग. जपून राहा.
तुझी आई, कमल

डांग, ता. १६ एप्रिल

आई,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र गार्डकाकांसमोरच फोडलं, तोंड लपवायला जागा उरली नाही. बायकोला उष्टं खायला घालताना लाज वाटत नाही का, असं मी अप्पांना तोंडावर विचारलं होतं. ते नुसते हसले होते. आता माफी कुणाकडे मागू?

रविवारी येतेय. वांग्याची भाजी कर. आधी मी जेवेन, आणि पोट भरलं म्हणून उठेन. मी हात धुवायला गेले की भाकर उचलून बघ.

तुझी गायत्री