डोहखेडी उपकेंद्राच्या कुकरची शिट्टी जप्त केल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, सालईखेड,
जि. वर्धा

दि. १७ नोव्हेंबर १९९४

विषय : सुया उकळण्याचा सरकारी कुकर वरणातून सोडवून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. मी डोहखेडीचा किराणा दुकानदार. दिवाळीआधी माझी पत्नी सौ. मंदाबाई हिला ताप आला म्हणून उपकेंद्राचे आरोग्य सेवक श्री. गजेंद्र यांनी कमरेखाली इंजेक्शन दिले. तिथे गळू झाले. सेवाग्रामला नेऊन चिरावे लागले. सुई नीट उकळलेली नसावी, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

२. मी जाब विचारायला गेलो, तेव्हा सुया चहाच्या पेल्यात कोमट पाण्यात पडल्या होत्या आणि त्या उकळण्यासाठी शासनाने दिलेला कुकर सेवकाच्या खोलीत स्टोव्हवर होता. आत तुरीचे वरण. डाळ माझ्याच दुकानची, हे वेगळे दुःख. वर मलाच हसून म्हणतात, "काऊन बोंबलता शेटजी? सुई का शिजवून खाची हाय?" मंदाबाई आजही उभ्यानेच पोळ्या लाटते. म्हणते, "मले टेकता येत नाई, अन् तो मांडी घालून जेवून राह्यला." हे ऐकले की माझ्या अंगाची आग होते.

३. सबब, कुकर थंड होताच मी त्याची शिट्टी काढून खिशात घातली. सरकारी वस्तू नेल्याचा गुन्हा कबूल आहे. तेव्हापासून सेवक चिवड्यावर आहेत. चिवडा मीच विकतो, आणि शिळाच देतो.

४. त्यांची बदली मात्र कृपया करू नये. ते दुसऱ्या गावी जाऊन वरण शिजवतील. येत्या बुधवारी माझी तान्ही नात अपेक्षा हिला लस टोचायची आहे. टोचली नाही तर रोगाचे भय, टोचली तर गळूचे. तरी आपण जातीने यावे, कुकर घासून घ्यावा व गावासमोर सुया उकळाव्यात. त्याआधी पेल्यातली एक सुई, न उकळता, सेवकास टोचावी. बाजू मंदाबाई दाखवेल. पुढे आठवडाभर त्यांना पाटावर बसवून वरण मी वाढीन.

५. आपण दखल घ्याल याची खात्री आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपण पाहणीस आलात, सेवकाकडे जेवलात आणि वरण दोनदा मागून घेतलेत. गावभर टोचलेल्या सुया त्या सकाळी, पाहणीपुरत्या, त्याच कुकरात उकळल्या होत्या. मध्ये तो घासला होता की नाही, हे आपणच सेवकास विचारावे.

आपला, बुधवारपर्यंत नम्र,
हिरालाल चिंधूजी बारापात्रे

सोबत : कुकरची शिट्टी. सेवकाच्या हाती देऊ नये.