आता तुम्ही मला उचललं असतं

वस्ताद, मी खुराक सोडला. तूप, बदाम, थंडाई, सगळं. आखाडा सुटून कितीतरी वर्षं झाली तरी खुराक चालूच होता, कारण तुमच्या शेवटच्या आजारपणात "वजन सोडू नको बरं" एवढंच तुम्ही मला बोलला होता, आणि तुमचा शब्द मोडायची आपल्या तालमीत रीत नव्हती.

तुमच्याकडं काटा नव्हता. पहाटेची मेहनत झाली की तुम्ही मला समोर उभं करायचा, कमरेला मिठी घालून जमिनीवरून उचलायचा आणि खाली ठेवता ठेवता निकाल द्यायचा. "लई हलका लागतोस आज. दूध तू पेलास का मांजरानं?" मी हात वर धरून उभा. तुमचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

गादीवरच्या माझ्या पहिल्या फ्रीस्टाइल कुस्तीत मात्र आपण दोघंही चुकलो. मातीत पाठ लागल्याशिवाय हार नाही, म्हणून मी निवांत पालथा पडून दम खातोय. समोरचा कमरेला विळखा घालून मला लोळवतोय, त्याचे गुण वाढतायत, आणि मी मनात म्हणतोय, लोळव बाबा, पाठ काय टेकू देत नाय. शिट्टी वाजली आणि हात त्याचा वर गेला. तुम्ही तरातरा पंचाकडं.

"ओ साहेब, पाठ कुठं लागली याची?"

"मामा, इथं गुण मोजतात."

"मग पुढच्या साली गणिताचा मास्तर आणतो!"

परत येताना एसटीत पाचोड गाव मागं पडलं. मग तुम्ही म्हणाला, "मला ही गादी येत नाय. तुझी तू शीक." शिकलो. कॅसेट थांबवून थांबवून बघितलं, समोरच्याचे पाय धरून पट काढताना गुडघा कुठं पडतो, डोकं कुठल्या बाजूला राहतं. गोणपाटात भुसा शिवून त्यावर डाव घासले. गादी मला कुणी शिकवली नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. सगळ्यात वरच्या वजनगटात देशाचं सुवर्ण घेऊन तालमीत आलो, तेव्हा तुम्ही पदकाकडं बघितलंसुद्धा नाही. मिठी घातली. माझे पाय जमिनीवरच राहिले. "आता भरलास," म्हणाला आणि कट्ट्यावर जाऊन बसला. तुमच्या मिठीतला जोर ओसरला होता, ते माझ्या कमरेला कळलं होतं.

ते वजन मी जपत राहिलो. साखर वाढली, गुडघे गेले, डॉक्टर ओरडले, तरी जपलं. शेवटी बायकोनंच थंडाईचा पेला पुढ्यात ठेवता ठेवता विचारलं, "वस्तादांनी पैलवानाला सांगितलं होतं. तुम्ही अजून पैलवान आहात का?" लई राग आला. पेला तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो मागितला नाही.

भीती एकच होती, अंगावरचं हे वजन गेलं की तुमचं माझ्याजवळ काय उरणार? पण वजन उतरलं आणि परवा दौलताबादचा किल्ला चढलो. अंधारीचं भुयार ओलांडलं, वरची तोफ गाठली, आणि गुडघ्याची आठवण खाली उतरल्यावर झाली. तोफेपाशी उभा राहून मोठ्यानं हसलो, वस्ताद. इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. आणि तुम्ही होतातच की, नाहीतर "हलका लागतोस" असं कुणाच्या आवाजात ऐकू आलं?

हे पत्र टाकायला पेटी नाही, घडी घालून ठेवतो. एक सांगायचं राहिलं. खुराक सुटला, पण सकाळी अंघोळ करून मी अजून क्षणभर हात वर धरून उभा राहतो.