यांचं ताय-ची आणि माझा हात

सोम., ५ फेब्रु. ९६, बारामती
आजपासून नवीन थेर. बँकेतून रिटायर झालेले देशमाने पुण्यात शिबिर करून आले आणि लगेच गुरू झाले. कालव्याकाठच्या मैदानात सकाळी ताय-ची. चिनी व्यायाम म्हणे. यांचं नाव घालायला मीच घेऊन गेले, कारण मी नेल्याशिवाय हे कुठंच जात नाहीत. मंडईत पडल्यापासून पायांवर भरवसाच नाही. डॉक्टर म्हणतात, हाडं ठणठणीत आहेत, भीती काढा. भीती काय काटा आहे, चिमट्यानं काढायला?
पाच-सहा म्हातारे हवेत हात फिरवत होते. चुना लावणाऱ्याचा हात याहून भरभर चालतो.

मंगळ., १३ फेब्रु.
दे.चं प्रवचन. शरीराला फायदा, मनाला फायदा, आत्म्यालाही फायदा. ब्लडप्रेशर उतरतं, राग जातो, विश्वाची शक्ती बेंबीखाली साठते. मी विचारलं, साठवून पुढं काय करायचं तिचं? "मॅडम, श्रद्धा ठेवा." विज्ञान शिकवणाऱ्या बाईला सांगतोय!
परतताना यांनी हात धरला. लग्नाला तीस वर्षं होतील, रस्त्यात हे कायम पुढं आणि मी मागं. पडल्यापासून हातात हात. बायका वळून बघतात. बघू देत. मला आवडतं. लिहून टाकलं, कोण वाचतंय.

गुरु., २९ फेब्रु.
आता घरातही. ओट्याशी उभं राहून "ढग सारतोय" म्हणे. तेवढ्यात दूध उतू गेलं, ते नाही सारता आलं.
झोप लागते, चार घास जास्त जातात, कुरकुर कमी. सगळं दे.च्या नावावर जमा. मी रोज पाय चोळून दिले ते गेले कालव्यात.

रवि., १० मार्च, वडगाव निंबाळकर
दिरांकडे. पुतण्याच्या लग्नाचं जागरण झालं. उजाडताना हे अंगणात उतरले. डोळे अर्धे मिटलेले, हात हळूहळू वर. रात्रभर देवाची गाणी ऐकलेल्या माणसांना दुसरं काय वाटणार! मोठ्या जाऊबाई ओरडल्या, "आवं, भाऊजींच्या अंगात आलंया!" भंडारा उधळला, यांचं टक्कल पिवळं. दे.नं बजावलंय, सुरू केलं की मधे थांबायचं नाही. म्हणून हे थांबेनात.
दिरांनी हात जोडले. "कोण हाईस देवा? बोल."
यांचे हात ढग सारतायत. एक पाय उचललेला.
मग जाऊबाई. "देवा, आमच्या भाऊजींचा पाय कवा बरा व्हायचा?" ज्याचा पाय त्यालाच विचारत होत्या!
हसू फुटणार तेवढ्यात यांच्या पायाकडं लक्ष गेलं. उचललेला तसाच. कशाचाही आधार नाही आणि तोल पक्का.
"झालाय बरा," हे म्हणाले.
सगळे पाया पडले. पायऱ्या चढताना मी हात पुढं केला. यांना दिसलाच नाही.

मंगळ., १९ मार्च
गावाहून निरोप. कुणाची तरी म्हैस दूध देईना, देव परत कधी येतोय? हे खुशीत. म्हटलं, जा, बेंबीखालची शक्ती म्हशीला द्या.
मैदानात मी आता जात नाही. हे एकटे जातात, एकटे येतात. दे. म्हणतो प्रगती आहे. मेला.

बुध., ३ एप्रिल
"उद्या इंदापूरला जाऊन येतो." जुन्या ऑफिसातल्या मान्यांकडे. तेही पडल्यापासून घर सोडत नाहीत, त्यांना ढग सारायला शिकवणार!
मी म्हटलं, रजा टाकते.
"तू कशाला? एसटीनं जातो की एकटा."
स्टँडवरची गर्दी, गाडीचे धक्के, पडलात तर कोण उचलेल, सगळं बोलून झालं. हसले. "पडलो तर उठेन."
भांडी आपटली. बरे होऊ नका असं कुठल्या तोंडानं सांगू?

गुरु., ४ एप्रिल
गेले. वर्गात आज उगाच पोरींवर ओरडले.
संध्याकाळी फोन. गाडी चुकली, पुढच्या गाडीनं निघतो. आवाज कसला मोकळा! "स्टँडवर येऊ?" "कशाला गं, अंधारात तूच पडशील."
तरी निघालेय. आज आधार द्यायला नाही. गाडीतून उतरले की सरळ हात मागणार आहे, भर स्टँडवर. देतात का बघू.