ताईविरुद्ध सात हजार सह्या

२७ सप्टेंबर, शनिवार

ताई खोटं बोलली. आणि मला फोनवर हसत हसत सांगितलं — “अगं, ते पत्र रूथने चुकून पाठवलं असं कळवून टाकलंय. ऑफिस मॅनेजर आहे ती, तिला कोण काय करणार!”

रूथने पाठवलं नव्हतं. मला पक्कं माहीत आहे, कारण ते पत्र मीच मागितलं होतं.

सगळं लिहूनच काढते. बोलायचं कोणाशी?

जूनमध्ये सत्यजितच्या शोभामावशींचा लंडनचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला. तिकडे त्यांच्या मुलीची डिलिव्हरी तोंडावर आलेली. सत्यजित म्हणाला, “तुझी बहीण ब्रिटनची खासदार आहे यार, एक पत्र दिलं तर काय बिघडतं?” नवऱ्याच्या घरी आपलीही वट दिसावी असं मलाही वाटलं — वाटलंच! मी ताईला फोन केला. ती नाही म्हणाली. “सुलू, ते लोक माझ्या मतदारसंघातले नाहीत. मला चालत नाही ते.” मी परत केला. परत नाही. तिसऱ्यांदा मी रडले.

तिसऱ्यांदा तिने लिहिलं. पार्लमेंटच्या लेटरहेडवर, “माझ्या मतदाराच्या आई” म्हणून. मावशींची मुलगी राहते लंडनला आणि ताईचा मतदारसंघ पार उत्तरेला, बंद पडलेल्या गिरण्यांचं गाव. पण व्हिसा झाला! मी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये बसून शेजाऱ्यांना पेढे वाटले.

आता कोणीतरी तक्रार केली आहे. खासदारांच्या वागण्यावर नजर ठेवायला तिथे एक कमिशनर असतात, त्यांनी ताईला विचारलं. आणि ताईने रूथचं नाव पुढे केलं.

२८ सप्टेंबर, रविवार

ताईचा मेसेज — “जूनमधले आपले मेसेज डिलीट कर.”

अजून केले नाहीत.

३० सप्टेंबर, मंगळवार

ते मेसेज आज परत वाचले. फार्मसीत, लंच ब्रेकमध्ये, गाडीत बसून. ताईने १२ जूनला लिहिलंय — “केलं गं बाई तुझं काम. स्वतः टाइप केलं. रूथला बोलू नकोस, ती मला फाडून खाईल.”

रूथ! दोन वर्षांपूर्वी आम्ही लंडनला गेलो तेव्हा गुडघे दुखत असूनही तिने आम्हाला अख्खं पार्लमेंट पायी फिरून दाखवलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई. ताई पहिल्यांदा निवडून आली तेव्हापासून तिच्याकडे आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

लेकीला, आन्याला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिने चेहरा बघून खोदून काढलं. सतरा वर्षांची पोर, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सो मावशी लाइड. अँड यू आर हेल्पिंग हर.”

मी म्हटलं, असं नसतं गं, ती माझी बहीण आहे.

“आय नो, आई. दॅट्स व्हाय यू शुड टेल हर.”

उठून भांडी लावत बसले. दुसरं काय करणार!

५ ऑक्टोबर, रविवार

रूथला घरी बसवलंय! चौकशी संपेपर्यंत. ताईने हे सांगताना आवाज इतका खाली आणला की दोनदा विचारावं लागलं.

“तू बसवलंस?”

“प्रोसिजर असते गं.”

“ताई, तिने काही केलेलं नाही.”

“मग काय, मी खासदारकी सोडू? तुझ्या मावशीसाठी?”

खरं आहे. माझ्याच मावशीसाठी. फोन ठेवला आणि अर्ध्या तासाने तिला तिच्याच मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं — “पत्र तू लिहिलंस. मी मागितलं म्हणून लिहिलंस. दोघींनी सांगू या. मी डिलीट करणार नाही.”

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

उत्तर नाही.

सत्यजितला सगळं सांगितलं. त्याने फोन मागून घेतला, मेसेज वाचले. मग म्हणाला, “सुरुवात मी केली ना?” त्याच्यावर ओरडायची तयारी करून बसले होते, ओरडता आलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीत ताईचा फोन नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मंडळाच्या कार्यक्रमात तिघांनी विचारलं, “काय म्हणते आमची खासदार?” मजेत आहे म्हटलं. मीही खोटंच बोलले की!

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

आम्हाला भाऊ नाही. लहानपणापासून आम्ही दोघी एकमेकींनाच ओवाळतो, ती परदेशी गेल्यापासून व्हिडिओवर. आज फोन येईल असं वाटलं नव्हतं. आला!

ताईने कोट घातलेला, केस विस्कटलेले. ओवाळणं वगैरे काही नाही. म्हणाली, “आत्ता कमिशनरना भेटून आले. सगळं सांगितलं. पत्र माझं, खोटंही माझंच. रूथचा काही संबंध नाही.”

मी नुसती रडले. ती म्हणाली, “रडू नकोस, गेल्या वेळी तू रडलीस तेव्हा काय झालं माहितीये ना!” — आणि मग आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी!

म्हणाली, “हे अठरा दिवस ऑफिसात रूथच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले होते. तुझा मेसेज रोज वाचत होते. रागाने वाचत होते, खरं सांगते.”

तिला विचारून मीही सगळे मेसेज कमिशनरच्या ऑफिसला पाठवून दिले. आज जेवण गेलं. तीन पोळ्या!

२ नोव्हेंबर, रविवार

ताई रूथच्या घरी माफी मागायला गेली होती. रूथने आत घेतलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की माफ केलं, पण पुन्हा तुझ्याकडे काम करणार नाही. ताई म्हणते, आत येऊ दिलं नसतं तर बरं वाटलं असतं.

१३ जानेवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. ताईला बारा दिवस सभागृहात बसता येणार नाही — कामकाजाचे बारा दिवस. तिने आधी खोटं सांगितलं, ते पत्रापेक्षा गंभीर धरलं. आपणहून कबूल केलं, म्हणून बारावर भागलं. रूथ निर्दोष, असं स्पष्ट लिहिलंय. ते वाक्य चारदा वाचलं.

पण बारा! दहापेक्षा कमी असते तर विषय संपला असता. दहा किंवा जास्त झाले की प्रकरण मतदारांकडे जातं. मतदारसंघात सह्यांसाठी अर्ज ठेवतात. सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सही केली की खासदारकी गेली. पोटनिवडणूक!

इकडे बर्फ पडतंय. सत्यजितची शिकागोहून येणारी ट्रेन तासभर लेट. खिडकीशी उभी राहून रिपोर्टच वाचत होते.

१७ जानेवारी, शनिवार

शोभामावशींचा फोन. पुण्याच्या पेपरात ताईची बातमी वाचली म्हणे. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं! कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणाल्या, “अगं सुलेखा, मला आधी विचारायचंस तरी. दोन महिने थांबून तिसऱ्यांदा अर्ज केला असता मी. बाळ काय पळून जाणार होतं?”

माफ करा म्हटलं. “मला कसली माफी मागतेस,” म्हणाल्या, “त्या रूथबाईंचा पत्ता दे.” दिला.

२० जानेवारी, मंगळवार

सभागृहात ताईची माफी. फार्मसीतून अर्धा तास सुट्टी घेतली आणि मागच्या खोलीत फोनवर लाइव्ह पाहिलं. काळा सूट, कानात आईच्या कुड्या. कारण एकही सांगितलं नाही. बहीण, मावशी, बाळ — काही नाही. “मी नियम मोडला, मग खोटं बोलले, आणि ते एका प्रामाणिक बाईवर ढकललं.” एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. शिक्षेला कोणी विरोधही केला नाही. मग ती एकटी चालत बाहेर गेली.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ताईची खुर्ची जायची वेळ आणि मला हलकं वाटतंय! पण वाटतंय खरं. सप्टेंबरपासून मला जिची लाज वाटत होती ती ही नव्हती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून सह्या सुरू. गावात आठ ठिकाणी टेबलं. किती झाल्या ते शेवटपर्यंत कोणाला सांगायचं नाही असा कायदा. सहा आठवडे अंधारात!

गंमत म्हणजे हा कायदा व्हावा म्हणून ताईच पूर्वी थंडीत पत्रकं वाटायची. तेव्हा ती खासदार नव्हती, गावात डॉक्टर होती. “निवडून दिलेल्याला परत बोलावता आलंच पाहिजे” — तेव्हा मी फोनवर हे ऐकून ऐकून कंटाळले होते. आज आठवण करून दिली तर म्हणाली, “मी अजूनही तेच म्हणते. फक्त आता मधोमध माझं नाव आहे.”

११ फेब्रुवारी, बुधवार

रूथला शोभामावशींचं पत्र पोचलं. सोबत त्यांनी विणलेला स्वेटर. रूथने मला फोटो पाठवला — अंगात स्वेटर, चेहऱ्यावर हसू! बाह्या जरा लांब झाल्यात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ताई रोज दहा-वीस घरी जाते. सही करू नका असं म्हणत नाही, फक्त माफी मागते. पक्षातले लोक वैतागलेत. काल एका म्हाताऱ्याने दार उघडून सांगितलं, “मी सही करून आलोय. पण बाहेर गारठा आहे, चहा घेऊन जा.” तिने घेतला. तासभर त्याच्या गुडघ्यांबद्दल बोलले दोघं. शेवटी डॉक्टरच ती!

एका बाईने दार आपटलं. तेही बरोबरच, म्हणाली.

८ मार्च, रविवार

घड्याळं एक तास पुढे केली. इंग्लंडची अजून नाहीत, म्हणून आता पाचच तासांचा फरक. ताई एका तासाने जवळ आली असं उगीच वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

रजा टाकली. सत्यजितही घरून काम करतोय म्हणाला. केलं काहीच नाही. आमच्या दुपारी बाराला तिथली टेबलं बंद झाली. मग मोजणी. आन्या शाळेतून दर पाच मिनिटांनी मेसेज करत होती — “एनीथिंग?”

सव्वातीनला ताईचा फोन. मला उचलता येईना, सत्यजितने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“सात हजार एकशे चोवीस लागत होत्या,” ताई म्हणाली. आवाजावरून काही कळेना. “सात हजार एकावन्न झाल्या.”

त्र्याहत्तर कमी! वाचली! सत्यजितने टेबलावर मूठ आपटली, कप उलटला, कॉफी लॅपटॉपवर. कोणाला पर्वा! मी खाली जमिनीवरच बसले. आन्याला मेसेज केला, तिने वर्गात किंचाळून बोलणी खाल्ली.

ताई मात्र शांत. म्हणाली, “सात हजार लोक, सुलू. उठून, कोट घालून, चालत गेले.” मी म्हटलं, अगं, पण राहिलीस ना! “राहिले,” म्हणाली. “उद्या सकाळी लोकांना भेटायची वेळ आहे, झोपते.”

आज मीही झोपेन. सहा महिन्यांत पहिल्यांदा, फोन बंद करून.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड झालं. ताईला व्हिडिओ लावला आणि सहज म्हटलं, “त्या सात हजारांचा राग नको हं धरू.”

ती म्हणाली, “कसला राग? त्यात एक सही माझी आहे.”

मला वाटलं थट्टा करतेय.

“पहिल्या दिवशी, टेबल उघडल्या उघडल्या गेले. मतदारयादीत माझंही नाव आहे, सुलू. मतदार म्हणून मला फार राग आला होता.”