सगळ्या गोळ्या दुधाबरोबर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. साष्टांग फक्त कागदावर हं. खरोखर वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील.

बरी आहेस ना, असं विचारलंस. उत्तम आहे. पाळीने वर्षापूर्वी निरोप घेतला आणि जाताना माझी झोप, निम्मे केस आणि कंबर सोबत नेली. घटकेत अंगातून वाफा, घटकेत दोन स्वेटर. परवा सातवीच्या वर्गात पियानो हा शब्द काही केल्या आठवेना. बसले होते पियानोसमोरच.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. सोमवारी सकाळच्या प्रार्थनेला मुलींना सूर द्यायला तोंड उघडलं, तर आतून शाळेचा रखवालदार बोलला. चारशे मुली हसल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी फार प्रेमाने सुचवलं की नव्या सत्रापासून सूर मशीनवर लावू, मी नुसतं शेजारी बसावं. फुलदाणीसारखं. तीस वर्षं या शाळेत गाणं शिकवलं, ताई. राजीनामा लिहून पियानोच्या बाकात ठेवलाय. देऊ का?

लोभ आहे तेवढाच राहू दे, इथे आधीच बरंच काही वाढलंय.

तुझी चिमणी (सध्या कावळा)

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वाकू नकोस, आहेस तिथूनच घे.

रखवालदाराचं वाचून तुझे भावोजी इतके हसले की हातातली चष्म्याची काडी मोडली. अगं, या वयात हे होतंच. मी आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बावीस वर्षं बसले. मग एके दिवशी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले, आणि दोघंही हसत घरी गेले. तेव्हाच ओळखलं, वय झालं. उठले आणि घरी बसले. आता बारा महिने शाल, दिवसातून दोनदा झोप, आणि पेन्सिलीने भुवया पुऱ्या केल्याशिवाय आरशात बघायची सोय नाही. केली का मी कुरकुर? आईने तरी केली होती का?

राजीनामा देऊन टाक. डॉक्टरकडे जायची हौस असेल तर जा; ते जे सांगतील ते मी वर लिहिलंच आहे.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही पाठवली असती, पण पाकिटात मावली नाही.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न.

हौस भागवून आले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण त्यांनी वय हा शब्द उच्चारला नाही. रक्त घेतलं. गळ्यात म्हणे फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. सगळ्या शरीराची चाल ती ठरवते. माझं फुलपाखरू कामचुकार निघालं. ते काम करेना की मेंदू वरून हाका मारतो, आणि त्या हाका मोजायच्या म्हणजे टीएसएच. साधारण साडेचारच्या आत हवा. माझा एकोणीस. म्हणजे मेंदू आमच्या मुख्याध्यापिकाबाईंसारखा ओरडतोय आणि खाली शिपाई झोपलाय.

पाळी जाते त्याच वयात हे दुखणंही येतं आणि दोघी एकमेकींचे कपडे घालून फिरतात, असं त्या म्हणाल्या. थकवा, वजन, विसराळूपणा दोन्हींत. वाफा पाळीच्या, पण ही थंडी आणि हा घोगरा आवाज बहुतेक थायरॉइडचा. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

राजीनामा अजून बाकातच आहे. आवाज येतो का बघते.

आशेवर असलेली,
चिमणी

२६ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

आमच्या वेळी फुलपाखरं बागेत असायची. असो, गोळी दिलीच आहे तर नीट घे. बोर्डिंगच्या दवाखान्यातल्या आपल्या सिस्टर आठव. घंटा झाली की रांग, सगळ्या गोळ्या एका घोटात, वर दुधाचा पेला, आणि पेला उलटा करून दाखवायचा. चाळीस पोरींपैकी एक तरी दगावली का? उपाशीपोटी म्हणजे नाश्त्याआधी. दूध म्हणजे काही खाणं नव्हे. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या पाठवते आहे, त्याही त्याच घोटात जाऊ देत.

पेला उलटा करून दाखवायला विसरू नकोस.

ताई

१० मे

ती. ताईस,
सा. न. आज जरा कडक.

सहा आठवडे घंटेवर उठले. रांगेत एकटीच उभी राहिले. सगळं दुधाबरोबर गिळून पेला उलटा केला. आकडा अठरा.

गोळी कशी घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी अभिमानाने सगळं सांगितलं, सिस्टरांसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा-दूध तासाभराने, आणि कॅल्शियम चार तासांनी. तुझं प्रेमाचं कॅल्शियम रोज गोळीला पोटातच धरून बसलं होतं, अंगी लागूच देत नव्हतं.

मग त्यांनी माझ्या भुवया पाहिल्या. बाहेरची टोकं विरळ झालीत. घरात आणखी कुणाला असं आहे का, विचारलं. मी तुझी पेन्सिल सांगितली. मग शाल, दोनदा झोप, अदलाबदल झालेले चष्मेही सांगितले. एवढ्यावरून काही ठरत नाही, पण बहिणीला रक्त तपासायला सांगाच, असं म्हणाल्या.

मुख्याध्यापिकाबाईंना तीस जूनपर्यंत उत्तर द्यायचंय. तुला माझा राजीनामा हवा ना? तुझा रिपोर्ट आला की लगेच देते. तोवर नाही.

हट्टी,
चिमणी

१९ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

सव्वीस. गणितात, भूगोलात आणि आता यातही पहिला नंबर माझाच.

गोळी सुरू केली. पाण्याबरोबर. सिस्टरांची क्षमा मागितली.

काल आईचा फोटो काढून बसले. दुकानातलं भिंग लावून पाहिला. तिच्या भुवया अर्ध्यावरच संपतात गं. आठवतं, शेवटची वर्षं ती भर उन्हाळ्यात स्वेटर घालून खिडकीशी बसायची, हाक मारली की सावकाश वळायची, आणि आपण दोघी तिला गोगलगाय म्हणायचो? आळशी झाली म्हणायचो. तिला नक्की काय होतं ते आता कोण सांगणार. तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. मीही मग गोगलगाईसारखीच बसले, आणि तुलाही बसवत होते.

चुकले असं मी म्हणणार नाही, मी मोठी आहे. पण राजीनामा देऊ नकोस.

तुझी ताई

२९ जून

ती. ताईस,
सा. न. आज खरोखर वाकून, आणि उठले एकटीच.

आकडा सहा. अजून उतरायचाय. वाफा आहेतच, त्यांना या गोळीशी देणंघेणं नाही. भावोजींचं पत्र आलं. तू शनिवारी तासभर काउंटरवर बसलीस, चष्मे ज्याचे त्याला दिलेस, आणि दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली म्हणे. अभिनंदन.

आज प्रार्थनेला मी उभी राहिले. मशीन शेजारी तयार होतं, फुलदाणीसारखं. माझा आवाज सगळा परतलेला नाही. जुन्या पट्टीला पोचत नाही. म्हणून दोन स्वर खालून सूर दिला. पहिल्या रांगेतली एक मुलगी चमकली. घोगरा होता, पण रखवालदाराचा नव्हता, माझाच होता. मग चारशे मुली खाली उतरून माझ्या सुरात आल्या.

मशीन कपाटात गेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, माझं काही उत्तर आहे का. म्हटलं, होतं, पण तो कागद मला लागणार आहे.

हे पत्र पाठकोऱ्या कागदावर लिहिलंय. उलटून बघ. तीस वर्षांच्या सेवेनंतर वगैरे झकास जमलंय, फक्त सही करायची राहिली.

तुझी चिमणी