आईची शेळी आणि माझ्या शिंका

३ ऑक्टोबर
आज माईकवर सलग सात शिंका! औसा बसस्थानकावर गाड्या पुकारतो मी. ‘सोलापूर’ म्हणायला गेलो आणि नाक सुरू. सगळा फलाट हसला. हसू देत.
दोन वर्षं झाली हे सुरू होऊन. आई शेळी घेऊन उमरीहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून. घरात आम्ही दोघंच, आणि ती शेळी — आईच्या बाजेला टेकून झोपणारी!
लातूरचे डॉक्टर म्हणाले, अंदाज नको, ॲलर्जीची तपासणी करू. त्याआधी आठ दिवस शिंकांची गोळी बंद. गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून दिली. आईला सांगून टाकलं — शेळीमुळे निघालं तर शेळी विकायची. “मंग माझं बी बघ दुसरीकडं कुठं,” म्हणाली. जेवली नाही नीट.

७ ऑक्टोबर
गोळी नाही, तरी शिंका नाहीत. नवलच! आईच्या हातचा चहा मात्र कडू लागतोय. “आलं जास्त पडलं आसंल.”

११ ऑक्टोबर
लातूर. हातावर थेंब टाकून बारीक टोचलं. वीस मिनिटं बसलो — काही नाही! एका थेंबानं सगळ्यांचीच कातडी फुगते म्हणे, गोळी पोटात असली तरच नाही; तोही सपाट. डॉक्टर म्हणाले, “गोळी घेतलीत तुम्ही.” आईशपथ नाही म्हणालो. बिनतिकीट माणसाकडे कंडक्टर बघतो तसं बघितलं त्यांनी. आता परत आठ दिवस!
घरी येऊन आईसमोर बडबडलो. ती मग म्हणाली, “थोडे दिस मावशीकडं जाऊन येते, उमरीला. शेळीला पाला टाक येळेवर.”

१५ ऑक्टोबर
शिंकून बरगड्या दुखतात. चहा मीच करतो. कडू नाही.

२१ ऑक्टोबर
फुगली! गाजरगवताच्या थेंबावर ही मोठी गांध. आणि शेळी? सपाट! साफ सपाट! दवाखान्याबाहेर एकटाच हसत उभा होतो. आई आली त्याच वर्षी हे घर घेतलं, मागच्या प्लॉटात कंबरभर गाजरगवत — डोक्यातच आलं नाही. बिचाऱ्या शेळीवर उगाच आळ!
आईला फोन केला. “शेळी निर्दोष सुटली, ये आता.” पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

२३ ऑक्टोबर
आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आत गोळ्यांची पट्टी हातात दिली — अर्धी रिकामी.
“चहात टाकत व्हते, सुगता. वाटलं, तुला शिंकाच आल्या न्हाईत तर शेळीला कोण नाव ठेवंल? मंग तू डाक्टरचं बोलणं खाऊन आलास, म्हून टाकणं सोडलं. शेळी इथनं जायची झाली तर म्हून मावशीच्या दारात खुंटा ठोकून आलते तिच्यासाठी. शेजारी माझी बाज.”
रागवायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.