गेटाबाहेरची परीक्षा

ता. ४ फेब्रुवारी

ती. नानाकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

काकूचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. तुमच्या छातीत दुखत होतं ते निव्वळ पित्त निघालं म्हणे! सभांमधून इतका आरडाओरडा केल्यावर पित्त खवळणारच, हृदय बिचारं काय करेल, असं मी बाबांना म्हटलंच होतं. आता औषध वेळेवर घ्या आणि भाषणं पोटभर जेवून करा.

मागच्या खेपेला आपण दोघांनीही फोन आपटला, म्हणून हे पत्र. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं. आणि माझ्या विद्यापीठाच्या ई-मेलवर तर तुम्ही लिहिणार नाही. बहिष्कार म्हणजे बहिष्कार. तेव्हा घरच्या पत्त्यावर, हातानं लिहा.

माझा प्रबंध गेला एकदाचा. वरच्या खोऱ्यातले झरे का आटले, एवढंच शोधायला मी किती वर्षं तो डोंगर चढउतार करतेय ते तुम्हाला ठाऊक आहे. आईच्या मते मी बूट झिजवण्यात डॉक्टरेट केली. पण गेल्या सोमवारी प्रबंधाचं पार्सल बाहेरच्या परीक्षकांकडून जसंच्या तसं परत आलं, दोरीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. परीक्षकांचं नाव आमच्यापासून गुप्त ठेवतात हो, पण पत्त्यावरचं ते उंटासारखं मान काढून बसलेलं अक्षर मी लहानपणापासून ओळखते. मला कोडी पाठवणाऱ्या तुमच्या मित्राचं, लंबूकाकांचं ते अक्षर. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी कळवलंय की शिक्षक संघटनेच्या बहिष्काराच्या ठरावामुळे आमच्या विद्यापीठाचं कुठलंच काम त्यांना करता येत नाही.

आणि संघटनेचे अध्यक्ष कोण? आमचे नानाकाका! घरचं झालं थोडं म्हणतात ते हेच.

तुमचा राग खोटा नाही. पाण्याच्या तंट्यावरून वरच्या खोऱ्यातल्या कॉलेजला सरकारनं कुलूप ठोकलं आणि आमच्या कुलगुरूंनी त्यावर मान डोलावली. तिथल्या शिक्षकांना आमच्या गेटातून आत सोडत नाहीत. त्याविरुद्धच्या पत्रकावर मीही सही केली होती, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण माझा प्रबंध अडवून ते कुलूप कसं निघणार, ते एकदा समजावून सांगा.

काकूला नमस्कार. लोभ असेलच, राग असला तर तोही टपालानं पाठवा.

तुमची,
ठमी


ता. १९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पित्ताबद्दलचा मजकूर तुझ्या काकूनं शेजारणींना वाचून दाखवला, त्याबद्दल तुझे आभार मानावेत की कान धरावा, हे ठरायचंय.

आता मुद्द्याचं. पोरी, विद्यापीठाला पैशांची एवढी पर्वा नसते जेवढी मानाची असते. पाहुणे यावेत, फोटो निघावेत, आमच्याकडे जगभरचे विद्वान येतात म्हणून छापता यावं, यावर तुमचे कुलगुरू जगतात. एका हातानं कुलूप लावायचं आणि दुसऱ्या हातानं हारतुरे घ्यायचे, हे चालायचं नाही. तो मान आम्ही बंद केला. आमच्या हातात दुसरं आहे काय? आम्ही मास्तर माणसं, बंदुका नाहीत आणि असत्या तरी नेम लागला नसता.

लंबूनं पार्सल परत केलं ते मला विचारून नव्हे, हे आधी सांगतो. त्यानं दोन दिवस ते टेबलावर ठेवलं होतं आणि जेवायच्या वेळी त्याकडे पाठ करून बसत होता, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. पण त्यानं केलं ते बरोबर केलं. उद्या मी तुझ्यासाठी दार किलकिलं केलं, तर लोक म्हणतील अध्यक्षांची पुतणी म्हणून वाट झाली. ज्यांची माझ्याकडे ओळख नाही अशा पोरांचे प्रबंधही अडलेत. त्यांना मी कोणत्या तोंडानं थांबा म्हणू?

एखादं वर्ष थांब. तुझी हुशारी काही नासत नाही. मला हे लिहिताना बरं वाटतंय असं समजू नकोस. तुला पहिल्यांदा सायकल शिकवली ती मी, आणि आज चाकात काठी घालणाराही मीच, हे काकूनं मला ऐकवून झालंय.

बाबांच्या गुडघ्याचं कळव. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस, तुझ्या झऱ्यांसारखी.

तुझा,
नाना


ता. ६ मार्च

ती. नानाकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा ठीक आहे, डोकं तेवढं तुमच्यासारखंच गरम आहे. तुमचं पत्र वाचून ते म्हणाले की नाना लहानपणापासून असाच, स्वतःचा चेंडू विहिरीत टाकेल पण रडीचा डाव खेळणार नाही.

काका, माझ्या एकटीचं असतं तर मी थांबले असते. खरंच. पण थांबायचंय कुणाला ते तुम्हाला माहीत नाही, कारण ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

वरच्या खोऱ्याच्या पाण्याचा तंटा मिटवायला मध्यस्थ बसलेत. आमच्या शहराचं म्हणणं, झरे उन्हानं आटले. वरच्या लोकांचं म्हणणं, शहरानं डोंगराच्या पायथ्याशी खोल पंप बसवले म्हणून आटले. माझी मोजमापं वरच्या लोकांच्या बाजूनं पडतात. पण मध्यस्थांनी स्पष्ट कळवलंय की परीक्षकांनी तपासून मान्य केलेलं कामच ते विचारात घेतील, बाकी सगळं ऐकीव. पुढची बैठक उन्हाळा सरायच्या आत आहे. त्यानंतर निवाडा. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही बहिष्कार घातलात, त्यांच्याच बाजूचा पुरावा तुमच्या बहिष्कारानं बाहेर बसवलाय. करायला गेलो एक आणि झालं भलतंच!

मी वर जाऊन कुलूपबंद कॉलेजच्या बाईंना भेटले. माझ्याबरोबर झरे मोजत डोंगर पालथा घालणाऱ्या त्याच बाई. हल्ली त्या एका बंद दुकानात मुलांना शिकवतात, फळ्याऐवजी शटरवर खडूनं लिहितात. मला वाटलं, त्या तुमच्यावर तोंडसुख घेतील. तसं काहीच झालं नाही. त्या म्हणाल्या की बहिष्काराआधी त्यांच्या अर्जाला साधी पोच मिळत नव्हती, आता कुलगुरू स्वतः फोन करून चौकशी करतात. तेव्हा बहिष्कार उठवू नका असं त्यांचं म्हणणं. पण झऱ्यांचं काम अडलं तर मात्र त्या तुम्हाला कधी माफ करणार नाहीत, हेही त्यांनी हसत हसतच सांगितलं. आणि शेवटी विचारलं की ठराव करण्याआधी तुमच्यातल्या कुणी त्यांना एकदा विचारलं का नाही.

हा प्रश्न जसाच्या तसा तुमच्याकडे पाठवतेय. उत्तर तुम्हाला येतंय का बघा.

फार कडक लिहिलं असेल तर पित्ताची गोळी आधी घ्या. माया तशीच आहे, कुठे जात नाही.

तुमची,
ठमी


ता. २२ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गोळी घेतली. तरी जळजळ झाली, आणि व्हायलाच हवी होती.

नाही विचारलं. आम्ही इतके तावातावानं त्यांच्या बाजूनं उभे राहिलो की त्यांच्याकडे आमची पाठ आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तुझ्या पत्रातला झऱ्यांचा भाग मी कार्यकारिणीपुढे वाचला. मग जे रण माजलं ते विचारू नकोस. तरुण मंडळींना वाटलं, अध्यक्ष पुतणीसाठी वितळले. मी सरळ वरच्या बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. त्यांनी तुला सांगितलं तेच आम्हाला सांगितलं, फक्त हसल्या नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. विद्यापीठाचा मान बंद म्हणजे बंद. गेटाच्या आत पाऊल नाही, मानधन नाही, पाहुणचार नाही, फोटो नाही. पण कुठल्याही विद्यार्थ्याचा प्रबंध अडवायचा नाही. फक्त तुझाच नव्हे, कुणाचाच. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मी काकूला न विचारता भांडी घासली. ती घाबरून डॉक्टरला बोलावणार होती.

सगळे खूश नाहीत. आमचे इतिहासाचे मास्तर राजीनामा देऊन गेले. त्यांच्या मते नावेला पहिलं भोक आपलाच माणूस पाडतो. त्यांचं चुकलंच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उद्या आमच्या सवलतीचा फायदा तुमचे कुलगुरू उपटतील का? उपटतीलही. बघू.

लंबूनं प्रबंध परत मागवलाय. व्हायव्हाला तो येईल, स्वतःच्या खर्चानं, पण गेटात शिरणार नाही. तेव्हा तुझ्या सरांना जागा बघायला सांग. लंबू उंच आहे, छत जरा वर असलेलं बघा.

आमच्यावर रुसवा असेल तर आता सोड.

तुझा,
नाना


ता. २७ एप्रिल

ती. नानाकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

झालं! पास झाले! आधी हे लिहून टाकते, नाहीतर काकू शेवटचं पान आधी वाचेल.

आता सविस्तर. लंबूकाकांची अट ऐकून कुलसचिवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरांनी थंडपणे नियम दाखवला की व्हायव्हा सर्वांसाठी खुली हवी आणि तशी सूचना लावलेली हवी. ती चार भिंतींतच व्हावी असं कुठंही म्हटलेलं नाही. मग गेटाच्या बाहेर, रस्त्याकडेला जो सायकल स्टँड आहे, तिथला पत्रा सरांनी पसंत केला. आम्ही सायकली एका बाजूला सारल्या, बाकं मांडली, नकाशे खांबांना दोरीनं बांधले. लंबूकाकांचं डोकं तरीही पत्र्याला लागलंच.

मी बोलायला उभी राहिले आणि समोर बघते तर रस्त्यावरून वरच्या बाई येतायत! मागून त्यांच्या कॉलेजचे बाकीचे शिक्षक, पूर्वी झऱ्यावर पाणी भरणाऱ्या दोन आज्या, सगळा लवाजमा. काका, त्यांना आमच्या गेटातून आत सोडत नाहीत ना? पण परीक्षाच गेटाबाहेर! पहारेकरी जागच्या जागी चुळबुळला, पण रस्त्यावर बसलेल्याला हटकायचं कोणत्या अधिकारानं? सभागृहात झाली असती तर त्या आल्याच नसत्या. लंबूकाकांनी तुमचा हट्ट पाळला म्हणून ज्यांच्या झऱ्यांचं काम होतं ती माणसं ऐकायला बसली. त्यांच्याकडे बघता बघता पहिल्या नकाशावर मी बोट भलत्याच झऱ्यावर ठेवलं.

लंबूकाकांनी ओळखीची गंधवार्ताही दाखवली नाही. असं सोलून काढलं म्हणता! एका पावसाळ्याची आकडेवारी कमी का, म्हणून घामच फोडला. मग श्रोत्यांना विचारायची मुभा दिली. शहराच्या पंपांचा इंजिनिअर मागे उभा होता, त्यानं तावातावानं हरकत घेतली. त्याला उत्तर मी देण्याआधी वरच्या बाईंनीच दिलं, आणि उभ्यानं कशाला बोलता म्हणून बाकावर सरकून त्याला जागा केली. तो बसला. नंतर बराच वेळ दोघं एकाच नकाशावर बोट ठेवून भांडत होते. त्यांना आमनेसामने भांडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आजवर भांडण फक्त वर्तमानपत्रांतून व्हायचं.

लंबूकाकांनी चहासुद्धा घेतला नाही, विद्यापीठाचा म्हणून. शेवटी आज्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, ते मात्र ते घटाघटा प्यायले.

गेल्या महिन्यात तुम्हाला लागेल असं बोलले असेन, ते मनावर घेऊ नका. माया दुप्पट करा, आता माझ्या नावाला वजन आलंय.

तुमची,
ठमी


ता. १५ मे

डॉ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हा मायना मी दोन महिने मनात घोळवत होतो. काकूनं शेवटचं पान आधी वाचलंच.

लंबूनं येऊन तुझं कौतुक केलं नाही, फक्त सांगितलं की आता तुला कोडी पाठवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. इतिहासाचे मास्तर कार्यकारिणीत परतले नाहीत, पण काल बागेत फिरताना सायकल स्टँडची हकीकत त्यांनी मला दोनदा सांगायला लावली.

बहिष्कार चालू आहे. कुलूप निघेल त्या दिवशी मी स्वतः येईन आणि मग गेटातून आत जाईन. तोवर बाकावर माझी जागा धरून ठेव.

तुझा, तुझ्या यशानं उगीचच ताठ झालेला,
नाना


ता. ३० जून

ती. नानाकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

मध्यस्थांनी प्रबंध मान्य केला. निवाडा व्हायचाय, पण तोवर पायथ्याचे पंप बंद ठेवायला त्यांनी शहराला सांगितलं आणि शहरानं ऐकलं. पंप बंद करायला तोच इंजिनिअर गेला होता. वरच्या बाईंना त्यानं स्वतः कळवलं, सरकारी पत्र पोचायच्या आधी.

कॉलेजचं कुलूप मात्र तसंच आहे. कुलगुरू आता म्हणतात की विचार चालू आहे. तेव्हा तुम्ही तुमचा हट्ट सोडू नका. तुमच्याशी फोनवर भांडणारी मीच हे सांगतेय, याची काकूकडे नोंद करा.

बाकी सगळे खुशाल. तुमच्या येण्याची वाट बघत,
ठमी

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात वरच्या बाईंचा फोन आला. पाऊस अजून आलेला नाही, तरी कॉलेजच्या मागचा झरा सुरू झालाय. आत जायला कुणालाच परवानगी नाही, म्हणून कुणी पाहिला नव्हता. आज सकाळी पाणी कुलूप लावलेल्या गेटाच्या खालून वाहत रस्त्यावर आलं.